मालरोच्या मागे पॅरिसभर: एका पायी सहलीबद्दल

पॅरिसला पहिल्यांदाच जात असाल आणि आयफेल टॉवर, लूव्र, नदीतली बोट हे सगळं अजून व्हायचं असेल, तर ही सहल पुढच्या खेपेला ठेवा. ते झालं असेल आणि अर्धा दिवस मोकळा असेल, तर मात्र जरूर घ्या. एका छोट्या खासगी संस्थेची ही पायी फेरी फक्त एका माणसावर आहे: आंद्रे मालरो. कादंबरीकार, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध भूमिगत लढलेला, आणि पुढे दहा वर्षं फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री. माणशी ४५ युरो, शेवटच्या टप्प्याचं, म्हणजे फ्रान्सच्या थोरांचं समाधिस्थान असलेल्या पँथिऑनचं, तिकीट वेगळं. वेळ साडेतीन तास सांगतात, आम्हाला चार लागले. मी आणि बायको २०२४च्या ऑक्टोबरात गेलो होतो. पाचपैकी चार गुण देतो. एक का कापला ते पुढे सविस्तर येईल, कारण तो चालण्याच्या त्रासासाठी किंवा पैशासाठी कापलेला नाही.

मी वेरूळ-अजिंठ्याला फ्रेंच पर्यटकांना लेणी दाखवतो. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकलो आणि तेव्हापासून घर याच भाषेवर चाललं आहे. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या सहलीत गेलो की गाइड गटाला कुठे उभं करतो, उन्हाचा विचार करतो का, काय सांगतो आणि काय गाळतो, इकडे माझं लक्ष आधी जातं.

मालरोचं नाव मला पॅरिसने नाही, वेरूळने दिलं. साठी-सत्तरीच्या फ्रेंच पाहुण्यांपैकी कुणीतरी कैलास लेण्याच्या प्रांगणात उभं राहून हमखास विचारतं, "मालरो इथे आला होता ना?" आला होता. १९५८ साली फ्रान्सचे नेते द गोल यांचा दूत म्हणून तो भारतात आला, दिल्लीत नेहरूंना भेटला, आणि १९६७ साली आलेल्या त्याच्या आठवणींच्या पुस्तकात वेरूळवर आणि घारापुरीवर पानंच्या पानं आहेत. घारापुरीच्या महेशमूर्तीबद्दल तो जे लिहितो ते मी माझ्या पाहुण्यांना अनेकदा ऐकवलं आहे. भारतीय शिल्पाकडे पुरातत्त्वाची वस्तू म्हणून न बघता माणसाने मृत्यूला दिलेलं उत्तर म्हणून बघणारा हा युरोपियन माणूस. त्याच्याच गावात त्याच्यावर फेरी आहे म्हटल्यावर मी ती चुकवणं शक्य नव्हतं.

गटात आठ जण होते, आम्ही दोघं सोडलो तर सगळे फ्रेंच. गाइड चाळिशीतली बाई, इतिहास शिकलेली. कानात घालायचं यंत्र प्रत्येकाला दिलं होतं, त्यामुळे रहदारीतही तिचा आवाज नीट पोहोचत होता. बायकोला फ्रेंच येत नाही. मी एका कानाने ऐकत दुसऱ्या बाजूला तिला मराठीत सांगत होतो. त्याबद्दल गाइडने एकदाही कपाळाला आठी घातली नाही, उलट वाक्य संपल्यावर माझ्यासाठी क्षणभर थांबत होती. हे शिकवून येत नाही.

सुरुवात आंद्रे मालरो चौकातून, म्हणजे कोमेदी-फ्रांसेझ नाट्यगृहासमोरून. जागा अचूक निवडली आहे. एका बाजूला पॅले रॉयाल, जिथे आजही सांस्कृतिक मंत्रालय आहे आणि मालरो बसत असे. दुसऱ्या बाजूला सरळ रस्त्याच्या टोकाशी ऑपेरा. तिथून ती म्हणाली, आत न जाताही लक्षात ठेवा, त्या इमारतीतलं शागालने रंगवलेलं छत १९६४ साली याच माणसाच्या सांगण्यावरून आलं आणि तेव्हा केवढा गहजब झाला होता. एका रशियन ज्यू चित्रकाराने फ्रान्सच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचं छत रंगवावं, हे अनेकांना रुचलं नव्हतं.

मंत्रालयाच्या दारात तिने १९५९चा हुकूम वाचून दाखवला. २४ जुलैला निघालेल्या त्या हुकुमात नव्या खात्याचं काम असं सांगितलं आहे की मानवजातीच्या, आणि आधी फ्रान्सच्या, श्रेष्ठ कलाकृती जास्तीत जास्त फ्रेंच लोकांपर्यंत पोहोचवायच्या. सरकारी कागदात अशी भाषा मी कधी पाहिली नव्हती. त्यातूनच पुढे ल हाव्र, बुर्ज, आमियाँ, ग्रनोब्ल अशा गावांमध्ये 'संस्कृतीची घरं' उभी राहिली. नाटक, चित्रं, सिनेमा, संगीत एका छपराखाली, आणि तेही पॅरिसबाहेर. मोनालिसा १९६२च्या डिसेंबरात अमेरिकेला गेली ती याच्याच कारकिर्दीत, आणि व्हीनस द मिलो ही ग्रीक मूर्ती १९६४ साली जपानला. आमच्यासाठी त्याहून जवळची गोष्ट म्हणजे १९६० साली पॅरिसच्या पती पॅले संग्रहालयात भरलेलं भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन. त्याचा उल्लेख मार्गदर्शिकेने आमच्याकडे बघून केला. बायकोला ते फार आवडलं.

इथेच बायको म्हणाली, "अहो, म्हणजे हे आपल्या यशवंतरावांसारखं झालं. आधी भूमिगत, मग मंत्री."

मी म्हटलं, "बरंचसं. पण यशवंतराव बेचाळीसमध्ये पहिल्या दिवसापासून आत होते. हा केव्हा आत आला ते ऐकू, मग ठरवू."

काय बोललात, असं गाइडने विचारलं. मी तिला थोडक्यात सांगितलं: सातारा जिल्ह्यातली १९४२ची चळवळ, फरारी झालेला तरुण वकील, तोच पुढे महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री आणि देशाचा संरक्षणमंत्री. आणि मालरोचं खातं निघाल्यानंतर पुढच्याच वर्षी, १९६० साली, त्यांनी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन केलं. तिने वही काढून नाव लिहून घेतलं, दोनदा उच्चारून बघितलं. गटातल्या एका गृहस्थांनी विचारलं की त्या चळवळीत शस्त्रं होती का. मी पत्री सरकारबद्दल जेवढं चालता चालता सांगता येईल तेवढं सांगितलं.

पुढचा टप्पा लूव्र, आणि तोही काचेच्या पिरॅमिडकडचा नव्हे. ती आम्हाला पूर्वेकडच्या स्तंभांच्या दर्शनी भागाकडे घेऊन गेली. त्या इमारतीसमोरचा खोल खंदक मालरोच्या काळात खणून मोकळा केला आहे. त्याच्याशिवाय इमारतीची खरी उंची दिसत नव्हती. मग भिंतींबद्दल. १९६०च्या आधीचे पॅरिसचे फोटो तिने दाखवले. सगळं शहर काळं. शतकभराची कोळशाची काजळी बसलेला दगड लोकांना तसाच जुना, तसाच शोभणारा वाटत होता. मालरोने इमारती धुवायला लावल्या तेव्हा कुरकूर झाली, आणि खालून हा मधाच्या रंगाचा दगड निघाला. अजिंठ्यात काम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट पोटातून कळते. निजामाच्या काळात, १९२०च्या सुमारास, इटलीहून आणलेल्या तज्ज्ञांनी चित्रं टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचा लेप दिला. लेप पिवळा पडला, आणि पुढच्या पिढ्यांना वाटू लागलं की अजिंठ्याचे रंग असेच मातकट असतात. मूळ निळा दिसला की पाहुणे अजून दचकतात.

१९६२चा जो कायदा फ्रान्समध्ये त्याच्याच नावाने ओळखला जातो, त्यावर गाइडने छान वेळ घालवला. ४ ऑगस्टचा हा कायदा एकेकट्या वास्तूऐवजी अख्ख्या जुन्या वस्त्यांना संरक्षण देतो. त्यामुळे पॅरिसमधल्या मारेसारखे पाडून टाकण्याच्या बेतात असलेले भाग वाचले. आमच्याकडे किल्ल्याला पाटी लागते आणि पायथ्याची पेठ उद्ध्वस्त होते, तेव्हा मला हा कायदा आठवत राहील.

लूव्रच्या आतल्या चौकोनी अंगणात, कूर कारेमध्ये, ती आम्हाला थोडा वेळ बसू देते. पूर्ण फेरीतली ही एकच बसायची जागा आहे, तेव्हा गुडघे दुखत असतील तर हे आधीच माहीत असू द्या. नोव्हेंबर १९७६ मध्ये मालरो गेल्यावर सरकारी श्रद्धांजली याच अंगणात झाली. मांजरं त्याला फार प्रिय, म्हणून लूव्रच्या संग्रहातली प्राचीन इजिप्तची मांजराची मूर्ती तिथे ठेवली होती.

आता त्या कापलेल्या गुणाकडे येतो.

बसलेलो असताना मी हात वर करून विचारलं, "मॅडम, बांतेय स्रेईबद्दल तुम्ही काही सांगणार आहात का?"

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाली की हे सहलीच्या ठरलेल्या मजकुरात नाही, पण विचारलंत तर सांगते. आणि तिने जे सांगितलं ते संपूर्ण, काहीही न लपवता. १९२३ सालच्या डिसेंबरात बावीस वर्षांचा मालरो, बायको क्लारा आणि एका मित्रासह, कंबोडियाच्या जंगलात गेला. तेव्हा तो फ्रेंच इंडोचायना होता. शेअरबाजारात पैसा बुडाला होता, आणि जंगलातल्या बेवारस देवळातली शिल्पं पश्चिमेत विकायचा त्याचा बेत होता. बांतेय स्रेईच्या गुलाबी वालुकाश्मातल्या देवता त्याने भिंतीतून कापून काढल्या, पेट्यांत भरल्या, आणि नॉम पेन्हला पोहोचताच पकडला गेला. तीन वर्षांची शिक्षा झाली. पॅरिसमधल्या लेखकांनी सह्यांची मोहीम केली, अपिलात ती एका वर्षावर आली आणि तीही स्थगित झाली. दगड परत गेले. १९३०च्या दशकात फ्रेंच पुरातत्त्ववेत्त्यांनी ते देऊळ दगडावर दगड लावून पुन्हा उभारलं. क्मेर शिल्पाचा तो अतिशय देखणा नमुना आज पर्यटक बघायला जातात.

हे ऐकताना मला बसवेना. कैलासाच्या भिंतीवरच्या एखाद्या देवीचं नाक कुणी हाताने चाचपलं तरी मी ओरडतो. करवत लावणारा माणूस माझ्या दृष्टीने सरळ चोर आहे, त्याचं वय आणि त्याची पुढची पुस्तकं काहीही असोत. पण मला हेही तितकंच खरं वाटतं की वसाहतीतलं कोर्ट, तुरुंगाची भीती आणि वसाहतवाल्यांचं स्थानिक माणसांशी वागणं हे त्याने तिथे पाहिलं, आणि १९२५ साली तो परत सायगावला जाऊन वसाहती सरकारविरुद्ध वर्तमानपत्र चालवू लागला. ज्याने मूर्ती कापली त्याच्याच हाती पस्तीस वर्षांनी एका देशाच्या सगळ्या मूर्ती सोपवल्या गेल्या. या माणसाच्या आयुष्यात यापेक्षा सांगण्यासारखी गोष्ट कुठली? ती ठरलेल्या मजकुरात नसणं हा माझ्या मते या सहलीचा सर्वात मोठा दोष आहे. बाईंना सगळं माहीत आहे, उत्तम सांगता येतं, तरी न विचारता सांगत नाहीत.

दुसरी उणीव त्याच जातीची. भूमिगत लढ्याचा भाग आला तेव्हा गाइड स्पेनच्या यादवीवरून, जिथे मालरोने १९३६ साली परदेशी वैमानिकांचं पथक उभं केलं होतं, एकदम "कर्नल बेर्जे"वर, म्हणजे त्याच्या भूमिगत नावावर आली. मधली वर्षं एका वाक्यात. ऐकणाऱ्याची अशी समजूत होते की १९४० साली फ्रान्स पडला आणि हा दुसऱ्या दिवशी बंदूक घेऊन निघाला. तसं घडलं नाही. १९४०च्या जूनमध्ये तो रणगाडा पथकात होता, पकडला गेला, वर्ष संपायच्या आत बंदिवासातून निसटला. त्यानंतर तो भूमध्य समुद्राकाठी घर घेऊन लिहीत बसला. भूमिगत गटांचे लोक त्याच्याकडे आले, १९४१च्या उन्हाळ्यात सार्त्र आणि सीमोन द बोव्हार हे लेखकही येऊन गेले. त्याने सगळ्यांना नकार दिला. हे युद्ध रशियाचे रणगाडे आणि अमेरिकेची विमानं जिंकतील, शस्त्रं आणि पैसा नसलेल्या मंडळ्यांनी काही होणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. तो आत आला तो १९४४च्या मार्चमध्ये, दोघं भाऊ पकडले गेल्यानंतर.

ही तारीख मी बोललो तर गटातल्या एका बाईंना ते लागलं. तिथे नाही म्हणणारे बरेच होते, मालरो निदान शेवटी तरी गेला, असं त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणूनच मला ती तारीख हवी आहे. तारीख लपवली की पुढच्या पाच महिन्यांची किंमतही कळत नाही. मार्च १९४४ मध्ये जर्मन फौजा चवताळलेल्या होत्या. कोरेझ, दोर्दोन्य, लोत या डोंगराळ भागातल्या जंगली तुकड्यांमध्ये त्याने "कर्नल बेर्जे" हे नाव घेतलं, स्वतःच्याच कादंबरीतल्या पात्राचं. वेगवेगळ्या पक्षांच्या, एकमेकांवर विश्वास नसलेल्या तुकड्यांना आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांना एका टेबलाशी बसवायचा त्याने प्रयत्न केला. २२ जुलैला ग्रामा गावाजवळ त्याच्या मोटारीवर गोळीबार झाला, पायाला जखम झाली, जर्मनांनी धरला. तुलूझच्या तुरुंगातून १९ ऑगस्टला सुटला, कारण जर्मन तुरुंग सोडून निघून गेले होते. त्यानंतर घरी न बसता त्याने अल्सास-लोरेन ब्रिगेडचं नेतृत्व केलं. जर्मनीने गिळलेल्या प्रांतांतून पळून आलेले लोक त्यात होते. व्होज पर्वतातला हिवाळा, दानमारीची लढाई, १९४५च्या जानेवारीत स्ट्रासबुर्ग वाचवण्याची धडपड. हे सगळं खरं आहे, कागदोपत्री आहे. युद्धानंतर तो स्वतः बोलताना बरंच वाढवून सांगत असे हेही खरं आहे. म्हणून तर गाइडने मोजून सांगायला हवं.

यानंतर मात्र फेरी अशी काही उंचीवर गेली की वरची सगळी तक्रार लिहिताना हात आखडतो.

नोत्र दामच्या मागे, बेटाच्या अगदी टोकाशी, छळछावण्यांत नेलेल्यांचं स्मारक आहे. १९६२ साली द गोल यांनी त्याचं उद्घाटन केलं. अरुंद पायऱ्यांनी खाली उतरायचं. खाली गेल्यावर शहर दिसत नाही, फक्त वरचं आकाश आणि जाळीतून पाणी. पायऱ्या उतरण्याआधी तिने सगळं सांगून टाकलं आणि आत एक शब्द बोलली नाही. आम्हीही वेरूळच्या दहाव्या लेण्यात, विश्वकर्म्यात, असंच करतो. आत आवाज घुमतो, गोष्ट बाहेर सांगायची आणि आत पाहुण्यांना त्या जागेवर सोडायचं. चांगला गाइड ओळखायची माझी ही पहिली खूण आहे.

बाहेर तिने भावांबद्दल सांगितलं. सावत्र भाऊ, रोलाँ आणि क्लोद. दोघंही मालरोच्या कितीतरी आधी ब्रिटिशांच्या गुप्त जाळ्यात काम करत होते. दोघंही मार्च १९४४ मध्ये पकडले गेले, क्लोद रुआँला, रोलाँ ब्रीव्हला. क्लोद परत आला नाही. रोलाँला नॉयेनगामे छावणीत नेलं. युद्ध संपता संपता कैद्यांना जहाजात कोंबून समुद्रात ठेवलं होतं, त्या काप आर्कोना जहाजावर ३ मे १९४५ रोजी ब्रिटिश विमानांनीच बॉम्ब टाकले. रोलाँ त्यात गेला. जर्मनीची शरणागती पाच दिवसांवर होती. त्याचा मुलगा वडील कैदेत असताना जन्मला. त्या मुलाच्या आईशी, म्हणजे विधवा भावजयीशी, मालरोने पुढे लग्न केलं आणि मुलाला वाढवलं. त्याची स्वतःची सोबतीण झोझेत क्लोतिस १९४४च्या नोव्हेंबरात एका छोट्या स्टेशनात आगगाडीखाली सापडून गेली, तेव्हा तो आघाडीवर होता. तिच्यापासून झालेले दोन्ही मुलगे १९६१ साली एकाच मोटार अपघातात गेले. मी हे सगळं बायकोला मराठीत सांगत होतो. शेवटचं वाक्य सांगताना मला थांबावं लागलं.

याच स्मारकात १८ डिसेंबर १९६४ रोजी जाँ मुलाँच्या अस्थींची पेटी ठेवली होती. मुलाँ म्हणजे लंडनहून द गोल यांच्या वतीने येऊन विखुरलेल्या भूमिगत गटांना एकत्र बांधणारा माणूस. १९४३च्या जूनमध्ये लिऑंजवळ काल्विर इथे पकडला गेला, छळात तोंड उघडलं नाही, ८ जुलैला मेला. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, त्याला पँथिऑनमध्ये आणलं आणि मंत्री म्हणून मालरोने बाहेरच्या चौकात भाषण केलं.

तिथून पँथिऑनपर्यंत चढ आहे. सँत जनव्हिएव्हच्या टेकडीवरून वर जाताना ती फारशी बोलत नाही, दम राखून ठेवते. चौकात पोहोचल्यावर तिने आम्हाला बरोबर त्या बाजूला उभं केलं आणि आमच्या कानातल्या यंत्रांमध्ये १९६४ची मूळ ध्वनिफीत लावली. ऑक्टोबरचा वारा होता. फितीतही वारा ऐकू येतो. मालरोचा आवाज थरथरता, लांबवलेला, आपल्याकडे कीर्तनकार स्वर धरून ठेवतात तसा धरलेला. "ये आत, जाँ मुलाँ, तुझ्या त्या भयंकर लवाजम्यासह." आणि मग तो लवाजमा कोणता ते तो सांगतो. तळघरांत तुझ्यासारखेच न बोलता मेलेले. आणि त्याहूनही कदाचित जास्त भीषण म्हणजे, बोलून मेलेले.

सरकारी समारंभात, राष्ट्राध्यक्षांसमोर, छळाखाली फुटलेल्या माणसांनाही वीरांच्या रांगेत बोलावणारा मंत्री मला दुसरा माहीत नाही. चळवळीच्या आपल्याकडच्या आठवणींत मारहाणीखाली नावं सांगून बसलेल्यांना कुणी क्षमा केल्याचं मी फारसं ऐकलेलं नाही. उशिरा आत आलेला, दोन भाऊ गमावलेला, मुलं गमावलेला माणूसच हे वाक्य लिहू शकतो असं माझं ठाम मत आहे. शेवटी तो तरुणांना सांगतो की या माणसाचा विचार करा, जणू त्याच्या शेवटच्या दिवशीच्या विद्रूप चेहऱ्याला, न बोललेल्या ओठांना तुम्ही हात लावता आहात. त्या दिवशी तो चेहरा फ्रान्सचा चेहरा होता. ध्वनिफीत संपल्यावर गटातलं कुणी बोललं नाही. मी बायकोला आधीच ठरवून मजकूर मराठीत लिहून दिला होता. तो कागद तिने घडी करून पर्समध्ये ठेवला.

पँथिऑनचं तिकीट तेव्हा १३ युरो होतं, १८ वर्षांखालच्यांना फुकट. उन्हाळी महिन्यांत ६:३०ला बंद होतं, ऑक्टोबर ते मार्च ६ला, आणि त्याच्या पाऊण तास आधी प्रवेश थांबतो. आत गेल्यावर बहुतेक लोक पृथ्वीचं फिरणं दाखवणाऱ्या फूकोच्या लंबकाभोवती गोळा होतात. वेळ असेल तर जरूर बघा. आम्ही सरळ तळघरात उतरलो. व्होल्तेर आणि रूसो समोरासमोर, पुढे ह्यूगो, झोला आणि द्यूमा एकाच खोलीत. सहावा कक्ष ते आमचं ठिकाण. तिथे जाँ मुलाँ, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर काम केलेले रने कासँ, युरोपच्या एकीकरणाचे जाँ मोने, आउश्वित्झमधून परतलेल्या आणि पुढे मंत्री झालेल्या सिमोन व्हेय (त्या इथे २०१८ पासून), आणि मालरो. त्याला २३ नोव्हेंबर १९९६ रोजी, मृत्यूला वीस वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, इथे आणलं. ज्याचं स्वागत त्याने बाहेर उभं राहून केलं, त्याच्याच खोलीत. कक्ष छोटा आहे. आठ जणांना एकाच वेळी नीट दिसत नाही, म्हणून ती दोघादोघांना पुढे सोडते. कुणाला घाई करत नाही.

आणखी एक गोष्ट तिने गाळली, तीही न विचारता येत नाही. १९५८च्या एप्रिलमध्ये मालरोने सार्त्र आणि मोरियाक या लेखकांबरोबर अल्जीरियातल्या छळाविरुद्धच्या निवेदनावर सही केली होती. दोन महिन्यांत तो द गोल यांच्या सरकारात गेला, आणि अल्जीरियाचं युद्ध त्यानंतर चार वर्षं चाललं. सरकारात राहून तो त्यावर जवळपास गप्प राहिला. १९६२च्या फेब्रुवारीत अल्जीरिया न सोडण्याच्या हट्टाने पेटलेल्या संघटनेने त्याच्या घरापाशी बॉम्ब ठेवला. तो घरी नव्हता. त्याच इमारतीत राहणाऱ्या चार वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांना त्यात इजा झाली. छळ सोसलेल्यांसाठी इतकं मोठं भाषण करणाऱ्या मंत्र्याचं हे मौन पँथिऑनच्या चौकातच सांगायला हवं. मी हे बाहेर आल्यावर तिला म्हटलं. ती म्हणाली, चार तासांत सगळं मावत नाही. मी म्हटलं, माझ्याकडे वेरूळला दोनच तास असतात, म्हणून मी वैभव कमी करतो आणि प्रश्न ठेवतो. तिने ते ऐकून घेतलं आणि अल्जीरियाबद्दल पुढच्या वेळी चौकात दोन वाक्यं घालेन असं म्हणाली.

जाणाऱ्यांसाठी थोडं. फ्रेंच समजत असेल तर फ्रेंच गटच घ्या, इंग्रजी गटाला भाषणाचं फक्त भाषांतर वाचून दाखवतात असं तिनेच सांगितलं. फ्रेंच येत नसेल तर आधी भाषण डोळ्यांखालून घाला आणि मग तो आवाज ऐका. बूट सपाट घाला, वाटेत दगडी फरसबंदी बरीच आहे. खाणं-पिणं सहलीत नाही. पाण्याची बाटली आणि काहीतरी चावायला जवळ ठेवा, कारण लूव्रनंतर थेट पँथिऑनपर्यंत विसाव्याचा थांबा नाही. शाळकरी मुलांना नेऊ नका, कंटाळतील. कॉलेजातल्यांना जरूर न्या. आणि कूर कारेमध्ये बसवतील तेव्हा हात वर करून कंबोडियाबद्दल विचारा, ग्रामाच्या आधीच्या चार वर्षांबद्दलही विचारा. बाई मनापासून उत्तर देतात, आणि त्या उत्तरांसकट ही फेरी पाचपैकी पाच गुणांची होते.